दुसरा स्क्रू कुठं आहे?

गाडी स्वत: दुरुस्त करायची हौस, मोबाइलवर एक व्हिडिओ आणि घरी कुणी नाही. एवढं जुळून आलं की काय होतं, ते सांगते. तुमच्याही हातात पाना शिवशिवत असेल तर हे वाचूनच बॉनेट उघडा.

गुरुवार, दुपारचे साडेतीन. अंगणात आमची गाडी बॉनेट वर करून उभी. मी फरशीवर मांडी ठोकून बसलेली. समोर कालचा पेपर पसरलेला आणि त्यावर थ्रॉटल बॉडीचे तुकडे मांडलेले. ॲल्युमिनियमची नळी, पितळी चकती, दांडा, स्प्रिंग, सेन्सर, नट, वॉशर. आणि एक स्क्रू.

एकच.

चकतीला भोकं दोन होती. म्हणजे स्क्रूही दोनच असणार. तुम्ही कधी असं काही उघडलं असेल तर पोटात पडणारा तो खड्डा तुम्हाला माहिती असेल. आधी मी पेपर झटकला. मग ओढणी झटकली. मग चप्पल उलटी करून पाहिली. मग शांतपणे बसले आणि स्वत:ला म्हटलं, की आपण मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहोत, आयसी इंजिनच्या पेपरात आपल्याला बरे मार्क पडलेत, आणि आपण वडिलांच्या गाडीची वाट लावलेली आहे.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी ही सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली. वय झालेली गाडी, पंधरा वर्षं उलटून पुन्हा पासिंग केलेली. पण बाबा तिला रोज फडकं मारतात. शनिवारी याच गाडीतून आजीला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. आणि गुरुवारी बाबा गडहिंग्लजला एका लग्नाला गेले होते. रात्री आठला परत येणार होते.

आता मुळात मी हे का उघडलं?

नळ पेट्रोलचा नाही, हवेचा

गाडी काही दिवस त्रास देत होती. सिग्नलला उभी राहिली की रेस आपोआप खाली-वर व्हायची. एसी लावला की गचका देऊन बंदच पडायची. 'थ्रॉटल बॉडीत कार्बन बसलाय, साफ कर' असं एका मित्राने सांगितलं. निदान बरोबर होतं बरं का. पुढचं सगळं चुकलं ते माझं.

थ्रॉटल बॉडी म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं की ॲक्सिलरेटर दाबला म्हणजे पेट्रोल जास्त जातं. पेट्रोल गाडीत तो पाय खरं तर हवेचा दरवाजा उघडत असतो. एअर फिल्टरमधून आलेली हवा एका नळीतून इंजिनात जाते. त्या नळीत मधोमध दांड्यावर बसवलेली एक गोल चकती असते, तिला बटरफ्लाय म्हणतात. पाय दाबला की चकती फिरते, वाट मोकळी होते, हवा आत जाते. किती हवा गेली ते सेन्सर मोजतात आणि गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, त्या हिशोबाने इंजेक्टरमधून पेट्रोल सोडतो. वजनाच्या हिशोबाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हे पूर्ण जळण्याचं प्रमाण. बाबांच्या जुन्या डिझेल एसटीत असा हवेचा दरवाजा नव्हता, तिथं पाय थेट डिझेलच कमी-जास्त करायचा. त्यामुळे या भानगडीत बाबांचा अनुभवही उपयोगी नव्हता.

पाय काढला की चकती जवळपास बंद होते. मग इंजिन चालू कसं राहतं? बाजूने एक छोटी वेगळी वाट असते. तिच्यावरचा आयडल व्हॉल्व्ह लागेल तेवढी हवा आत सोडतो. एसी लावला, इंजिनवर ओझं वाढलं, की हा व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडतो आणि रेस सांभाळतो.

आता इंजिनाच्या पोटातून तेलाची वाफ निघते. ती बाहेर हवेत न सोडता परत याच नळीत आणलेली असते. तेलकट वाफ आणि बारीक धूळ मिळून चकतीच्या कडेला काळा चिकट थर धरतो. ज्या फटीतून मोजून-मापून हवा जायची तीच फट बुजत जाते. मग रेस डळमळते. उपाय साधा असतो. थ्रॉटल बॉडी क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, सुती फडकं आणि अर्धा तास. चकती काढावी लागत नाही.

ऐका, पुन्हा सांगते. चकती काढावी लागत नाही.

'आता उघडलंच आहे तर...'

माझी सुरुवात चांगली होती. इंजिन गार होतं. दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला ठेवली. एअर फिल्टरकडून येणारा रबरी पाइप क्लिप सैल करून सोडवला. चकती बोटाने उघडून धरली, स्प्रे मारला, ब्रशने घासलं. काळं पाणी फडक्यावर आलं, चकती चमकायला लागली. इथं थांबले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण दांड्याच्या खाचेत थोडी काळी रेघ उरली होती. ब्रश तिथं पोचेना. आणि डोक्यात ते वाक्य आलं, जे जगातल्या निम्म्या गाड्यांचा घात करतं. 'आता उघडलंच आहे तर...'

चकती दांड्यावर दोन छोट्या स्क्रूंनी बसवलेली असते. मी घरातला साधा स्टार स्क्रू-ड्रायव्हर लावला. स्क्रू हलेना. जोर लावला, तर ड्रायव्हर खाचेतून निसटला आणि डोकं थोडं घासलं. मग आणखी जोर लावला. हा स्क्रू घट्ट का आहे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. शेवटी एक स्क्रू फिरला, बाहेर आला. तो मी कुठंतरी ठेवला. दुसरा स्क्रू काही केल्या येईना म्हणून चार बोल्ट काढून अख्खी थ्रॉटल बॉडीच बाहेर काढली आणि पेपरवर बसून तो काढला.

मग एका बाजूचा सेन्सर काढला, दोन स्क्रू. दुसऱ्या बाजूला ॲक्सिलरेटरची केबल अडकवायची चाकी होती, तिचा नट सोडला. सर्रकन आवाज झाला. चाकीमागची स्प्रिंग उलगडली, माझ्या बोटाला फटका देऊन पेपरवर पडली. तिचं कुठलं टोक कुठं अडकलं होतं, ती किती वळसे पिळलेली होती, काही पाहिलं नव्हतं. फोटो? एकही नाही. फोनवर व्हिडिओ चालू होता ना!

तासाभराने अंदाजपंचे सगळं परत जोडून पाहिलं. एका स्क्रूवर. चाकी फिरवली, चकती उघडली. सोडली, तर चकती अर्ध्यावरच थांबली. बोटाने ढकलली तेव्हा बंद झाली. तीही पूर्ण नाही.

तुम्हीच विचार करा याचा अर्थ काय. चालत्या गाडीत पाय काढला तरी ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहणार. पुढे सिग्नल आहे, रिक्षा आहे, शाळेतली पोरं रस्ता ओलांडताहेत, आणि गाडी थांबायला तयार नाही. मोबाइल उघडून बिघडवला तर मोबाइल जातो. इथं आजी मागच्या सीटवर बसणार होती.

खोटं कशाला बोलू, एक क्षणभर मनात आलं होतं. सगळं जागेवर ठेवून द्यावं, बाबांनी चावी मारली आणि काही झालं तर 'गाडी जुनीच आहे' म्हणावं. मग मात्र मी तुकडे परत सुटे केले, पोह्याच्या स्टीलच्या डब्यात भरले आणि राजारामपुरीतून चालत उद्यमनगर गाठलं.

'चावी मारलीस का?'

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लोखंडाचं जे काही करायचं ते करणारा माणूस सापडतो. तिथं एका गल्लीत वस्तादांचं गॅरेज आहे. नाव काय ते मलाही माहिती नाही, सगळे वस्तादच म्हणतात. त्यांनी डबा उघडला, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कुणी सांगितलं गं हे उघडायला?"

"व्हिडिओ बघितला."

"मग त्यालाच बोलवायचं की जोडायला."

गॅरेजमधली दोन पोरं हसली. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी चकती हातात घेऊन भोकं मोजली, डबा हलवला आणि विचारलं, "दुसरा स्क्रू कुठं आहे?"

"सापडत नाही."

"पहिला स्क्रू काढलास तेव्हा बॉडी गाडीला होती का बाहेर?"

"गाडीला होती."

"त्यानंतर चावी मारलीस का?"

"नाही. बॅटरीची तारच काढली होती."

"मग वाचलीस." आणि लगेच पुढचा प्रश्न, "बापाला सांगितलंस का?"

मी गप्प. वस्तादांनी हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. म्हणाले, "आधी फोन लाव. त्याशिवाय मी पान्याला हात लावत न्हाई. त्या गाडीत जो बसणार त्याला ठावं पाहिजे, काय उघडलंय ते."

मी लग्नघरात फोन लावला. मागं बँडचा आवाज. मी एका दमात सगळं सांगितलं, रडले नाही एवढंच. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चावी मारली नाहीस ना?" सगळ्यांचा प्रश्न एकच होता. "मी येईपर्यंत मारू नको. वस्तादांना घेऊन जा घरी, चहा दे."

हा प्रश्न सगळे का विचारत होते? चकतीच्या पलीकडे इनटेक मॅनिफोल्ड असतं, तिथून रस्ता थेट सिलिंडरमध्ये जातो. स्क्रू तिकडे पडला असेल आणि इंजिन फिरलं, तर हवेच्या ओढीने तो व्हॉल्व्हमधून आत जाऊ शकतो. मिनिटाला आठशे वेळा फिरणाऱ्या इंजिनात पिस्टन आणि हेडच्या मध्ये लोखंडाचा तुकडा आला तर काय होईल ते सांगायला नको. इंजिन खोलायचं काम आणि त्याचा खर्च, जुन्या गाडीच्या किमतीच्या जवळ जातो.

म्हणूनच कंपनी ते स्क्रू बसवल्यावर त्यांची मागची टोकं ठोकून पसरवते. आयुष्यभर हादरे बसले तरी ते सुटून इंजिनात पडू नयेत म्हणून. मला जो स्क्रू 'जाम' वाटत होता, तो मुद्दाम तसा केलेला होता. 'हे उघडू नका' असं त्यावर धातूच्या भाषेत लिहिलं होतं आणि मला ते वाचता आलं नव्हतं.

अंगणातला शोध

संध्याकाळी वस्ताद स्कूटरवरून घरी आले. त्यांनी पहिलं काम केलं ते मॅनिफोल्डच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबण्याचं. "हे तू करायला पाहिजे होतंस. तोंड उघडं ठेवून कुणी झोपतं का डास असताना?"

मग शोध सुरू झाला, आणि तो घाईत केलेला नव्हता. आधी जमीन. मग इंजिनाच्या आजूबाजूची प्रत्येक खाच, बॅटरीखालचा ट्रे. मग फडकं काढून मॅनिफोल्डमध्ये लांब दांडीचं मॅग्नेट फिरवलं. काही नाही. मग वायरच्या टोकाला बारीक कॅमेरा असतो तो मोबाइलला जोडून आत सोडला. स्क्रीनवर काळ्या गुहेसारखं काहीतरी दिसत होतं. मी श्वास धरून उभी. तिथंही स्क्रू नव्हता.

"नसला म्हणजे बरंच की," मी म्हटलं.

"आत दिसला नाही म्हणजे आत नाही, असं नसतंय. हातात आला म्हणजे खरं."

एवढ्यात त्यांचं लक्ष त्या रबरी पाइपकडे गेलं. मी क्लिप सोडवून तो तसाच लोंबता ठेवला होता, तोंड वर करून, बरोबर थ्रॉटलच्या खाली. त्या पाइपला हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असतात. वस्तादांनी पाइप पूर्ण काढला, पेपरवर उलटा धरला आणि थापटला. टिंग!

तेवढ्या आवाजाने मी खालीच बसले. स्क्रू इंजिनाच्या उलट बाजूला पडला होता. दोन इंच इकडे-तिकडे झालं असतं, तर गोष्ट वेगळी असती.

बाबा आठच्या सुमाराला आले. लग्नातले कपडे तसेच, हातात लाडवाची पिशवी. गाडीकडे पाहिलं, वस्तादांना नमस्कार केला, आणि मला म्हणाले, "डेपोतून गाडी काढताना आमच्याकडे रोज विचारायचे, काही तक्रार आहे का? कुणी लपवली तर दुसरा ड्रायव्हर त्या गाडीत मरतो. तू फोन केलास. बास." पुढं दोन दिवस मात्र ते माझ्याशी मोजकंच बोलले. तेही बरोबरच होतं.

जोडणी: अंदाज नको, पुरावा हवा

शुक्रवारी सकाळी मी गॅरेजमध्ये हजर. वस्ताद म्हणाले, "तूच जोडायचं. मी बघतो." हा भाग नीट वाचा, कारण थ्रॉटलच नाही तर कुठलीही उघडलेली वस्तू परत जोडताना तो उपयोगी पडेल.

पहिलं काम स्प्रिंगचं. ती किती पिळायची? मी अंदाज सांगायला लागले, तर त्यांनी फळीवरून त्याच मॉडेलची एक भंगारातली थ्रॉटल बॉडी काढून समोर ठेवली. "ही बघ उत्तरपत्रिका." जुन्या बॉडीवर स्प्रिंगची दोन्ही टोकं कुठं अडकली आहेत, किती पीळ आहे ते पाहिलं, फोटो काढला, मगच आमची बसवली. चाकी सोडली की 'टक्' आवाज करून परत यायला लागली.

दुसरं काम चकतीचं. आदल्या दिवशी मी चकती उलटी बसवली होती! ती साधी गोल चकती नसते. बंद होताना ती थोडी तिरकी बसते, म्हणून तिच्या कडाही तिरक्या घासलेल्या असतात. उलटी बसवली की कडा नळीत रुतते किंवा फट राहते. वस्तादांनी बॉडी ट्यूबलाइटसमोर धरली. माझ्या पद्धतीने बसवलेल्या चकतीच्या कडेने चंद्रकोरीसारखा उजेड दिसत होता. सरळ बसवली, स्क्रू अर्धवट आवळले, चाकी पाच-सहा वेळा उघडून सोडली, तशी चकती आपोआप मधोमध बसली. पुन्हा उजेडासमोर धरली. आता कडेने चहूबाजूंनी सारखी, केसाएवढी रेघ.

स्क्रू मात्र जुने वापरले नाहीत. जो शोधण्यासाठी एवढा जीव काढला, तो वस्तादांनी कचऱ्यात टाकला. एकदा टोक पसरवलेला स्क्रू परत भरवशाचा नसतो. शोधायचा होता तो फक्त इंजिनात नाही याची खात्री करायला. त्याच मापाचे नवे दोन स्क्रू, त्यावर लॉकटाइटचा थेंब. शिवाय जपानी बनावटीच्या स्क्रूंची खाच आपल्या नेहमीच्या स्टार ड्रायव्हरपेक्षा थोडी वेगळी असते. चुकीचा ड्रायव्हर लावला की तो निसटतो आणि डोकं खातो. माझं तेच झालं होतं. वस्तादांकडे त्या खाचेचा वेगळा ड्रायव्हर होता. स्क्रू आवळल्यावर दांड्याखाली लोखंडाचा ठोकळा आधाराला ठेवून, पंचने मागची टोकं हलक्या हाताने पसरवली. आधार न ठेवता ठोकलं तर दांडा वाकतो.

तिसरं काम सेन्सरचं. थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे चकती किती उघडली ते ईसीयूला सांगणारा. जुन्या गाड्यांत त्याच्या स्क्रूची भोकं लांबट असतात, सेन्सर थोडा फिरवून जुळवता येतो. मी खूण न करता काढला होता. पण सेन्सरच्या अंगावर जुन्या वॉशरचे स्वच्छ गोल ठसे उरले होते, बाकी सगळीकडे धूळ. त्या ठशांवर नवे वॉशर बरोबर बसवले की जागा जवळपास सापडली. नक्की जागा मल्टिमीटरने. सेन्सरला तीन तारा असतात. एकीत ५ व्होल्ट, एक अर्थची, तिसरी सिग्नलची. गाडीवर बसवून, इंजिन चालू न करता फक्त इग्निशन देऊन पाहिलं. चकती बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास. पेडल हळूहळू दाबत नेलं तसा आकडा मध्ये कुठंही न अडखळता चारच्या वर गेला. प्रत्येक गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरायचा.

एक गोष्ट मी सुदैवाने केली नव्हती. चकती किती बंद व्हावी ते ठरवणारा एक छोटा स्टॉप स्क्रू असतो, रंगाचा ठिपका देऊन बंद केलेला. तो कंपनीतच हवेचा प्रवाह मोजून लावतात. रेस कमी-जास्त करायला लोक तो फिरवतात आणि मग ती गाडी कधीच धड चालत नाही. "त्याला हात लावला असतास तर मीपण हात टेकले असते," वस्ताद म्हणाले.

मग नवं गॅस्केट, चारही बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळत, पाइप, केबल. केबलला किंचित ढील ठेवली. आणि चावी मारण्याआधी मला ड्रायव्हर सीटवर बसवून पेडल वीस वेळा पूर्ण दाबून सोडायला लावलं. वस्ताद बॉनेटपाशी कान लावून. वीसही वेळा 'टक्'.

इंजिन चालू झालं तेव्हा रेस आधी थोडी वर-खाली झाली. बॅटरी काढल्यामुळे ईसीयू जुनं शिकलेलं विसरलेला असतो, त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. काही मिनिटांत काटा स्थिर झाला. एसी लावला. काटा किंचित हलला, सावरला. गाडी बंद पडली नाही.

मजुरी ७०० रुपये, गॅस्केट आणि स्क्रूचे वेगळे. माझ्या पॉकेटमनीतून. बाबांनी देऊ केले नाहीत, मीही मागितले नाहीत.

तुमची गाडी नवी असेल तर

तुम्ही म्हणाल, आमच्या गाडीत केबलच नाही. बरोबर. आता बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत पेडल आणि थ्रॉटल यांच्यात फक्त वायर असते. पेडल सेन्सरला सांगतं, ईसीयू ठरवतो, थ्रॉटलवरची छोटी मोटर प्लास्टिकच्या गिअरमधून चकती फिरवते. चकतीची जागा सांगणारे सेन्सर दोन असतात, आणि दोघांचं गणित जुळलं नाही तर चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी मुद्दाम हळू चालते. स्कॅनरवर पी-२१३५ असा कोड आला तर त्याचा अर्थ हाच.

या थ्रॉटलची चकती बंद गाडीत किंचित उघडी दिसते. तो बिघाड नाही. मोटर बंद पडली तरी गाडी रस्त्याच्या कडेला नेता यावी, म्हणून स्प्रिंगने ती तशी धरलेली असते. बाजूचं काळं प्लास्टिकचं झाकण तर उघडूच नका. गिअर आणि सेन्सर त्याच्याच आत असतात. इग्निशन चालू असताना चकतीत बोट घालू नका, मोटर जोरात मिटते. आणि साफसफाईनंतर ईसीयूला चकतीची नवी जागा शिकवावी लागते. त्याची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी.

पाना हातात घेण्याआधी

- काय दुरुस्त करायचं ते कागदावर एका ओळीत लिहा. ते झालं की थांबा.
- प्रत्येक पायरीला फोटो. काढण्याआधी, काढल्यावर नाही.
- सेन्सर, चाकी, स्प्रिंग हलवण्याआधी मार्करने खूण करा.
- स्क्रू ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने बर्फाच्या ट्रेच्या कप्प्यांत ठेवा.
- इंजिनाकडे जाणारं उघडं तोंड लगेच फडक्याने बंद करा.
- जोर लावूनही हलत नसेल तर आधी विचारा, हे असं का बसवलंय?
- एक जरी भाग कमी भरला, तर तो सापडेपर्यंत चावी मारू नका.
- ब्रेक, स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर यातलं काही उघडलं असेल तर गाडी चालवणाऱ्याला सांगा. ओरडा खा, पण सांगा.

शनिवारी सकाळी बाबांनी गाडी काढली. हातकणंगले गेलं, जयसिंगपूर गेलं. अंकलीच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलं होतं, गाडी पाच मिनिटं जागेवर उभी. एसी चालू, काटा स्थिर. मी मागच्या सीटवर आजीशेजारी बसून नुसती काट्याकडे बघत होते. आजीने विचारलं, "काय बघतीस एवढं?"

बाबा आरशातून बघत म्हणाले, "तिनं जोडलीय गाडी. बघू दे तिला."

दोन दिवसांत ते माझ्याबद्दल बोललेलं पहिलं मोठं वाक्य होतं.